विरोध मोडायचा की ऐकायचा?

माझी भाची एका सल्लागार कंपनीत आहे. नवी संगणकप्रणाली बसवताना कर्मचाऱ्यांचा विरोध कसा मोडून काढावा, यावर तिला काहीतरी सादर करायचं होतं. तिने मला सरळच विचारलं, "मामा, तुम्ही बँकवाल्यांनी कॉम्प्युटरला एवढा विरोध का केला होता? नोकरी जाईल म्हणून?" फोनवर थोडक्यात सांगितलं, पण समाधान झालं नाही. म्हणून आता जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे, विरोध 'मोडून काढणे' हा शब्दच मला खटकतो. त्यात असं गृहीत धरलेलं असतं की बदल आणणारा शहाणा आणि विरोध करणारा अडाणी. प्रश्न फक्त औषध कसं पाजायचं एवढाच उरतो! बँकेत एकोणतीस वर्षं काढल्यावर माझं मत असं झालंय की विरोध ही बहुतेक वेळा माहिती असते. ती कधी मोर्चातून येते, कधी रजेच्या अर्जातून, तर कधी नुसत्या मौनातून.

आधी थोडा इतिहास. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कोलकात्याच्या कार्यालयात संगणक येणार म्हटल्यावर कर्मचाऱ्यांनी इमारतीवर पहारा ठेवला होता. स्वयंचलनाचा प्रश्न इतका मोठा झाला की केंद्र सरकारने आपल्या पुण्याच्या प्रा. वि. म. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिचा अहवाल १९७२ चा. बँकांमध्ये १९८३ साली संघटना आणि व्यवस्थापन यांच्यात करार झाला, आणि १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला. म्हणजे नुसता 'नको' चा घोष नव्हता. किती यंत्रं, कोणत्या कामाला, ती चालवणाऱ्याला भत्ता किती, अशी चांगली घासाघीस चालू होती. बदल हळू आला हे खरं, पण बोलून आला.

आता विरोध कशाला होता? नोकरीची भीती होतीच. पण माझ्या आसपासच्या लोकांचं खरं दुखणं वेगळं होतं.

ज्यांनी लेजर पाहिलेलं नाही त्यांना सांगतो. प्रत्येक खात्याला एक पान. रोजच्या नोंदी हाताने करायच्या. ठरावीक काळाने सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज काढून ती जनरल लेजरशी जुळवायची, याला बॅलन्सिंग म्हणत. ती एका फटक्यात जुळली तर चहा-भजी, नाही जुळली तर रात्र शाखेतच! आमच्याकडे एक ज्येष्ठ हेडक्लार्क होते. फरकाची रक्कम ऐकली की ते आधी तिला ९ ने भागायचे. भाग गेला तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झालीय, ५४ चे ४५ लिहिलेत. नाहीतर फरक निम्मा करून तेवढीच नोंद शोधायचे, कारण जमेची रक्कम नावे पडली की फरक दुप्पट दिसतो. पंधरा-वीस मिनिटांत चूक हुडकून काढायचे. साहेबसुद्धा त्यांच्या टेबलाशी उठून जात.

संगणकाने हे सगळं एका दिवसात शून्य केलं. पगार तोच राहिला, खुर्ची तीच राहिली, पण टेबलाशी येणारं कोणी राहिलं नाही. वर पन्नाशीच्या माणसाने काल लागलेल्या पोराला विचारायचं, "अरे, हे खालचं बटण कुठलं?" ही लाज कुठल्याही करारात लिहिलेली नव्हती. प्रशिक्षणाला जायची वेळ आली की लोकांच्या पाठी दुखू लागत, त्याचं कारण हे होतं.

याबाबत एक जुना अभ्यास मला फार आवडतो. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मॅरियन गावी हारवूड कंपनीचा पायजमे शिवायचा कारखाना होता. कामाची पद्धत बदलली की उत्पादन पडायचं आणि लोक नोकरी सोडायचे. कोच आणि फ्रेंच या दोघांनी तिथे प्रयोग करून १९४८ साली निष्कर्ष छापले. एका गटाला बदल नुसता समजावून सांगितला. दुसऱ्या गटाचे प्रतिनिधी चर्चेत घेतले. उरलेल्या गटांत सगळ्यांनाच बसवून नवी पद्धत ठरवली. पहिल्या गटातले १७ टक्के लोक चाळीस दिवसांत सोडून गेले आणि उत्पादन काही सावरलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलेल्या गटांतून कोणी गेलं नाही, आणि उत्पादन आधीपेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी वर गेलं.

गंमत पुढेच आहे. पहिल्या गटातल्या उरलेल्या १३ जणांना अडीच महिन्यांनी पुन्हा एका नव्या कामावर घेतलं, पण या वेळी त्यांना विचारून. तीच माणसं चटकन सावरली! म्हणजे खोट स्वभावात नव्हती, वागवण्यात होती. गट लहान होते, त्यावरून फार मोठा सिद्धांत मांडू नये हे कबूल. पण आमच्या शाखेत मला हेच दिसलं.

लेजरमधली खाती संगणकात भरायची वेळ आली, तेव्हा आमच्या मॅनेजरांनी त्या हेडक्लार्कनाच तपासणीला बसवलं. भरलेली प्रत्येक यादी त्यांच्या सहीशिवाय पुढे जाणार नाही असं ठरलं. एकाच नावाची दोन खाती, वारल्यानंतरही चालू राहिलेली खाती, बदललेल्या सह्या, हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात होतं. बाहेरून आलेल्या मुलांना ते कुठून कळणार? दोन महिन्यांत ते आणि ती मुलं एकत्र डबा खाऊ लागले. शेजारच्या शाखेत मात्र कंत्राटदाराने परस्पर खाती भरली. तिथल्या चुका पुढे वर्षभर काउंटरवर निस्तरत बसावं लागलं.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर भाची म्हणेल मामा युनियनचं भाषण ठोकतोय! विरोधात स्वार्थही असतो, आणि त्याची किंमत तिसराच माणूस देतो. बचत खात्याचं व्याजच घ्या. पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर ते मिळे. महिनाभर ५०,००० रुपये ठेवून ३० तारखेला ४९,००० काढले, तर त्या महिन्याचं व्याज फक्त १,००० वर! हाताने रोजचं व्याज काढणं अशक्यच होतं. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकीवर व्याज सुरू झालं, ते संगणकामुळेच शक्य झालं. म्हणून 'लोकांना नको आहे' एवढ्यावरून बदल थांबवावा असं मी म्हणणार नाही.

पण भीती खोटी होती असंही कोणी म्हणू नये. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून सुमारे एक लाख लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. पैसे मिळाले, अनेकजण खूशही होते. तरी माणसं कमी झालीच ना? म्हणून बदल आणणाऱ्याने 'कोणाचंच काही जाणार नाही' असं म्हणू नये. काहीतरी जातंच. काय जाणार ते आधी खरं सांगावं. त्या एका खोट्या वाक्यामुळे पुढची दहा खरी वाक्यं वाया जातात.

आता ऑफिसांत एआय आलंय. पत्रं, अहवाल, हिशेब, सगळं ते करून देतं म्हणतात. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांची तीच गत होणार, जी आमच्या हेडक्लार्कची होऊ शकली असती. तेव्हा भाचीबाई, तुझ्या सादरीकरणात माझे तीन प्रश्न घाल. या बदलाने कोणाचं नेमकं काय जातंय? त्याला आजवर जे येतं, ते नव्या व्यवस्थेत कुठे कामी येईल? आणि हे ठरवताना तो खोलीत होता का? तिसऱ्याचं उत्तर 'नाही' असेल, तर विरोध होणारच. आणि झाला तर आधी तो नीट ऐक.