शिक्षकाचा लोकव्यवहार

शिक्षक विद्वान् असावा याविषयीं दुमत नाहीं. परंतु माणसांशीं वागण्याची हातोटीही त्याच्या अंगीं तितकीच असली पाहिजे असें म्हटलें, कीं पुष्कळ सुज्ञ गृहस्थ किंचित् हसतात. हा गुण असला तर उत्तम, नसला तरी अडत नाहीं, अशी त्यांची समजूत असते. आम्हांस ती सर्वस्वीं चुकीची वाटते.

सेलूसारख्या गांवीं तर ही चूक फार लवकर उघडी पडते. इ. स. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यांत होता व माध्यमिक शिक्षण उर्दूंतून चाले. मराठी बोलणाऱ्या घरांतील मुलाचें पुस्तक बहुधा त्याच्या आईस वाचतां येत नसे; मुलगा काय शिकतो हें घरीं पोंचावयाचें तें शिक्षकाच्या तोंडूनच. आज पुस्तकें मराठींत आहेत. तथापि परभणी-बीडकडील कित्येक कुटुंबें दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघतात, आणि मुलास बरोबर न्यावें कीं हंगामी वसतिगृहांत अथवा आजीपाशीं ठेवावें, याचा निर्णय निघण्यापूर्वींच्या चार दिवसांत होतो. त्या दिवसांत बाप शाळेच्या दाराशीं येऊन उभा राहतो. टेबलावरून मान न उचलतां “काय काम आहे?” असा प्रश्न आला, तर “कांहीं नाहीं, साहेब,” म्हणून तो परततो. मुलाचें नांव हजेरीपटावर राहतें. मुलगा मात्र उसाच्या फडांत असतो.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यानें शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली, आणि शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश जागा पालकांस दिल्या. ठीकच झालें. परंतु कायद्यास छडी काढून घेतां येते, कपाळावरील आठी काढतां येत नाहीं. बैठकींत मुकाट्यानें अंगठा अथवा सही देऊन जाणाऱ्या मातेस बोलतें करणें हें मुख्याध्यापकाच्याच हातीं आहे. त्याची जबाबदारी दुहेरी असते. मुलांदेखत त्यानें सहकाऱ्याचा पाणउतारा केला, तर तो राग तास संपण्यापूर्वीं शेवटच्या बाकावर उतरतो.

साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या हायस्कुलांत शिक्षक होते. छात्रालयांतील मुलांच्या पसरलेल्या खोल्या ते स्वतः झाडून नीट लावीत. प्रत्येकानें हातीं केरसुणी घ्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. तेवढें आमच्याच्यानेंही होणार नाहीं! मुलास न लाजवितां त्याची चूक त्याच्या ध्यानांत कशी आणावी, एवढेंच आम्ही त्यांतून घेतों.

हा स्वभावाचा भाग आहे, तो शिकवून येत नाहीं, असें कोणी म्हणतील. पाठाचें टाचण काढावयास तरी जन्मतः कोणास येतें? तें अध्यापक विद्यालयांत घोटून घेतात. मग रागावलेल्या पालकाचें म्हणणें शेवटपर्यंत कसें ऐकावें, नापास झालेल्या मुलाशीं पहिलें वाक्य कोणतें बोलावें, याचा सराव कां नसावा?

तो होईल तेव्हां होवो. तूर्त मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर पालकाकरितां एक खुर्ची ठेवावी, आणि बाजाराच्या दिवशीं अर्धा तास त्यांनीं दुसरें काम घेऊं नये. कापूस घेऊन आलेला शेतकरी त्या दिवशीं तसाही गांवांत असतोच.