आपल्या मांडवात आपली भाकरी का नको?

गेल्या महिन्यात वस्तीतल्या एका मुलीच्या मंगल परिणयानंतरच्या स्वागत समारंभाची जबाबदारी आम्ही कार्यकर्त्यांनी घेतली. पाहुणे ४००. मुलीची हौस होती 'लाइव्ह काउंटर'ची, म्हणजे पाहुण्यांसमोर तव्यावरचा डोसा, चाट, कढईतली जिलेबी. पहिल्याच बैठकीत वाद झाला. ही उधळपट्टी आंबेडकरी माणसाला शोभते का?

बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना नोंदवली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्या लोकांना जेवण दिले. पानात तूप वाढले, एवढ्यावरून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवले, जेवणाऱ्यांना झोडपले. ज्यांना तुपासाठी मार खावा लागला, त्यांच्या नातवंडांना साधेपणाचे धडे आम्ही देणार नाही. चांगले जेवू घालणे हा आपला हक्कच आहे.

पण तो हक्क वापरताना आपण काय करतो?

आम्ही यादीत भाकरी, सुकट आणि वजडी लिहिली. केटरर म्हणाला, "ऑफिसची माणसं येणार ना? मग हे कशाला? उद्या घरी करा." दुःख त्याचे नाही. आपल्याच चार शिकलेल्या माणसांनी मान डोलावली, त्याचे आहे. पास्ता चालतो, मंच्युरियन चालते, आजीच्या हातची चव मात्र लपवायची! शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांचे अन्न नावानिशी मांडले. पुस्तकात त्याचा अभिमान बाळगायचा आणि मांडवात लाज बाळगायची, हे कसे चालेल?

दुसरा प्रश्न मजुरीचा. भाकरी थापणाऱ्या दोघी मावशी आपल्याच वस्तीतल्या. डोसेवाल्या महाराजाच्या निम्मी रोजंदारी त्यांना सांगितली गेली. चुलीची धग दोघांना सारखीच लागते. आम्ही सारखीच मजुरी द्यायला लावली, आणि वाढपी-आचाऱ्यांसकट सर्वांचे जेवण त्याच पदार्थांचे, बसून, असे आधीच ठरवून घेतले.

तिसरा प्रश्न कर्जाचा. सात काउंटरसाठी मुलीचे वडील व्याजाने पैसे काढायला निघाले होते. आम्ही तीनच ठेवले: भाकरी, डोसा, जिलेबी. मोठ्या तव्यावर एका खेपेला चार डोसे, खेपेला पाच मिनिटे. म्हणजे तासाला जेमतेम पन्नास. म्हणून डोशाचे दोन तवे लावले, आणि वरण-भात, भाजी तयार ठेवली, जेणेकरून कोणी उपाशी ताटकळू नये. म्हाताऱ्या माणसांना रांगेत उभे न करता टेबल-खुर्चीवर बसवून वाढले. ज्यांनी उभ्या आयुष्यात गावच्या पंगतीबाहेर ताट घेतले, त्यांना नातीच्या लग्नात तरी कोणी आग्रहाने वाढायला नको का?

वजडीकडे काही पाहुणे फिरकले नाहीत. हरकत नाही, त्यांच्यासाठी पिठले होते. सुकटीचे पातेले मात्र नऊच्या आत रिकामे झाले.

मित्रांनो, लग्नसराई सुरू आहे. काउंटर जरूर लावा. पण यादी करताना तीन गोष्टी विचारा: यात आपले काय आहे? रांधणाऱ्याला काय मिळते? आणि उद्या हप्ता कोण भरणार?

जय भीम!