दप्तर आपले, किल्ली कोणाची?

जुलै २०२५ मध्ये गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना चालविणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीला एक विलक्षण अनुभव आला. कंपनीत रशियन भांडवल असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले आणि पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने तिच्या संगणकसेवा बंद केल्या. कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. हे निर्बंध भारताने घातलेले नव्हते आणि सेवेचे पैसे कंपनीने मोजलेले होते. तरीही स्वतःचाच पत्रव्यवहार तिला काही काळ दुरावला.

मोठ्या कंपनीला न्यायालय गाठता येते. शिरोली औद्योगिक वसाहतीतील पंचवीस-तीस माणसांच्या फौंड्रीने काय करावे? मोटारी, ट्रॅक्टर आणि पंप यांची कास्टिंगे ओतणाऱ्या या कारखान्यांचे खरे भांडवल केवळ भट्टीत नसते. गिऱ्हाइकाची ड्रॉइंगे, प्रत्येक हीटच्या रासायनिक तपासणीची नोंद, पॅटर्नमध्ये वेळोवेळी केलेले फेरफार, येणे-देण्याचे हिशेब हेही त्यांचे भांडवलच होय. पूर्वी ते लोखंडी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मालकाच्या खिशात. आज ते दूरच्या कोणा कंपनीच्या यंत्रावर, महिन्याच्या भाड्याने राहते. भाडे थकले, दर वाढले किंवा अटी बदलल्या, तर मालक आपल्याच कपाटापुढे उपरा ठरतो.

या परावलंबनावर एक उतारा हौशी मंडळींनी शोधून ठेवला आहे. लिनक्स ही संगणकप्रणाली १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने सुरू केली. ती कोणालाही विनामूल्य वापरता येते, तपासता येते, बदलता येते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चे नियमित साहाय्य थांबविले, त्यामुळे कार्यालयातून बाद झालेला एखादा संगणक लिनक्सचा नाद असलेला तरुण घरी नेतो आणि त्यावर डेबियन चढवितो. नेक्स्टक्लाउड बसवून कागदपत्रांचे कोठार उभे करतो. मुंबईत तयार झालेली ‘ईआरपीनेक्स्ट’ ही मुक्त प्रणाली घेऊन हिशेबही मांडतो. तंत्रज्ञ याला ‘सेल्फ-होस्टिंग’ म्हणतात. साध्या शब्दांत, आपले दप्तर आपल्याच घरी ठेवणे.

पहिली अडचण येते ती घराबाहेर पडल्यावर. इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य आहेत आणि ते केव्हाच अपुरे पडले. म्हणून सेवा पुरविणाऱ्या कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात. मोठ्या चाळीला एकच टपालपेटी असावी, तसे हे आहे: आतून पत्र बाहेर जाते, परंतु बाहेरचा माणूस थेट विशिष्ट खोलीपर्यंत पोहोचत नाही. यावर उपाय आहेत. स्थिर पत्ता जादा पैसे देऊन घेता येतो. नव्या, विपुल पत्त्यांच्या पद्धतीचा आधार घेता येतो. किंवा ‘वायरगार्ड’सारख्या साधनाने सुरक्षित बोगदा काढता येतो. हे सारे जमले, की एक दिवस डिस्क बिघडते आणि दुसरी प्रत काढून ठेवली नव्हती, हे ध्यानात येते. हौशी माणसाचे खरे शिक्षण तेथून सुरू होते.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न उपस्थित होतो. हे ‘फुकट’ खरोखर किती फुकट आहे? ३० वॉटचे यंत्र अहोरात्र चालले, तर महिन्याला सुमारे २२ युनिट वीज लागते; हा खर्च किरकोळ आहे. खरा खर्च आहे तो निगेचा. समजा, वीस जणांच्या कार्यालयाला भाड्याची सेवा माणशी महिना २०० रुपयांना पडते. वर्षाचे झाले ४८,००० रुपये. घरच्या यंत्राची निगा महिन्याला आठ तास घेते आणि जाणकाराच्या तासाचे मोल ५०० रुपये धरले, तर तेही वर्षाला ४८,००० रुपयेच! बचत दिसते, कारण हौशी माणसाचे श्रम हिशेबात धरलेले नसतात. तो तरुण उद्या नोकरीसाठी पुण्याला गेला, तर यंत्राचा परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर जातो. मालकी आपली म्हणावी, तर किल्ली पुन्हा दुसऱ्याच्याच खिशात!

तथापि या हिशेबाची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. दहा कारखान्यांचे दप्तर एकत्र सांभाळण्यास दहापट श्रम लागत नाहीत. ते दुप्पट लागले असे मानले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ९,६०० रुपये येतात. यंत्रांची किंमत व वीज यांची त्यात भर घातली, तरी हा व्यवहार परवडणारा ठरावा. एकट्याला न पेलणारा पंप आणि पाइपलाइन सहकारी पाणीपुरवठा संस्था काढून शेतकऱ्यांनी पेलल्याचे कोल्हापूर जिल्ह्याने पाहिले आहे. शिरोलीच्या उद्योजकांची ‘स्मॅक’ ही संघटना आहे. जिल्ह्यात तंत्रनिकेतने आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. संघटनेने सामायिक यंत्रणा उभारावी, दोन-तीन पगारी जाणकार नेमावेत आणि विद्यार्थ्यांना तेथे उमेदवारी द्यावी, हे अशक्य मुळीच नाही.

अर्थात, मोठ्या कंपन्यांइतकी सुरक्षितता आपल्याला साधेल काय, हा आक्षेप रास्त आहे. दार उघडे राहिले, तर दप्तर कुलूपबंद करून खंडणी मागणारे चोर घरच्या यंत्रावरही येतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये महापुराने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग बंद पाडला, हेही विसरता येत नाही. दप्तराची एक प्रत पूरक्षेत्रापासून दूर असलीच पाहिजे. त्यामुळे सारेच घरी आणण्याचा हट्ट नको. टपालसेवा भाड्याची राहिली तरी चालेल. ड्रॉइंगे, तपासणीच्या नोंदी आणि हिशेब यांची पूर्ण प्रत मात्र स्वतःच्या ताब्यात असावी.

हा परदेशी तंत्राच्या बहिष्काराचा प्रश्न नव्हे. लिनक्सही साऱ्या जगाने मिळून घडविलेले आहे. प्रश्न ताब्याचा आणि निगेचा आहे. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा पाणी अडवितो, तो वेळेवर बरगे घालणारा आणि काढणारा माणूस असतो म्हणून. दप्तराच्या बंधाऱ्यावर तो माणूस नेमण्याची तयारी असेल, तरच स्वावलंबनाच्या गोष्टी कराव्यात.