५०० मीटर, ५० सेकंद

समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचे सुरक्षा क्षेत्र असते. २० नॉटने येणारी बोट ते अंतर ५० सेकंदांत कापते. तेवढ्यात रडारसमोरच्या माणसाने ठरवायचे, हा ठिपका मच्छीमाराचा की चाच्यांचा?

१९ जून २००८ रोजी नायजेरियाच्या किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर दूर, शेलच्या बोंगा तेलकेंद्रावर सशस्त्र माणसे स्पीडबोटींतून चालून आली. नियंत्रण कक्षात त्यांना शिरता आले नाही, तरी रोजचे सुमारे दोन लाख पिंपांचे उत्पादन थांबले. आपले मुंबई हाय तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. त्या अंतराच्या भरवशावर आपण निर्धास्त राहायचे? २०११ मध्ये ओमानजवळ सोडून दिलेले ‘पवित’ जहाज महिनाभर वाहत आले आणि जुहूच्या वाळूत रुतले, तेव्हा कुठे आपल्याला कळले.

नुसती रडारे वाढवून भागणार नाही. समजा, प्लॅटफॉर्मजवळून १०,००० नौका गेल्या आणि त्यांतली एकच वैऱ्याची आहे. शंभरांत ९९ वेळा अचूक ठरणारी यंत्रणाही त्या एकीपायी सुमारे १०० निरपराध नौकांवर भोंगा वाजवील. रोज खोटा भोंगा ऐकणारा पहारेकरी खऱ्या भोंग्यालाही उठत नाही. शिवाय प्लॅटफॉर्मच्या खांबांभोवती मासळी जमते. तांडेल तिकडे जाणारच.

म्हणून संभाव्यतेचे गणित हवे. फ्रान्सच्या ‘सार्गोस’ प्रकल्पात बेझच्या सिद्धांतावर ते बांधले गेले. वेग, दिशा, वेळ, नौकेची ओळख कळवणारे ओळखयंत्र चालू की बंद, अशा प्रत्येक खुणेसरशी धोक्याची शक्यता बदलते आणि प्रतिकारही पायरीपायरीने वाढतो: आधी इशारा, मग रक्षक नौका, अगदी शेवटी कामगार सुरक्षित खोलीत आणि विहिरी बंद. जाळे ओढणारा ट्रॉलर तीन-चार नॉटने सरकतो. एकाएकी २० नॉट धरणारी बोट मासे पकडत नसते. पण २६/११ ला दहशतवाद्यांनी बळकावलेली ‘कुबेर’ मासेमारी नौकाच होती. एका खुणेवर विसंबता येत नाही, ते यासाठीच.

मात्र नायजेरियाजवळच्या गिनीच्या आखातातले आकडे इथे जसेच्या तसे लावले, तर पहिला संशयित ससून डॉकचा खलाशी ठरेल. गणित आपल्याच पाण्यातल्या नोंदींवर उभे राहायला हवे. मुंबई हायजवळ आलेल्या प्रत्येक नौकेची, काही न करता निघून गेलेल्या नौकेचीही, नोंद नौदल, तटरक्षक दल, ओएनजीसी आणि मत्स्यव्यवसाय खात्याने एकाच ठिकाणी ठेवावी. लहान नौकांना ओळखयंत्रे सरकारने फुकट द्यावीत, आणि त्यांतल्या नोंदींवरून दंड होणार नाही असे लेखी द्यावे. नाहीतर तांडेल ती बंदच ठेवतील. पावसाळी मासेमारीबंदी उठली की शेकडो नौका एकदम समुद्रात उतरतात. नोंदवही त्याआधी उघडली पाहिजे.