भरल्या पोटाची उपासमार

डिसेंबर २०२४ मध्ये बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले आणि काही दिवसांतच अनेकांना टक्कल पडले. बाधितांत लहान मुलेही होती. ही बातमी देशभर पोहोचताच आरोग्य विभाग जागा झाला, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके गावांत आली, पाणी, धान्य, रक्त आणि केसांचे नमुने तपासणीसाठी गेले. शासकीय यंत्रणेने मनावर घेतले तर ती किती वेगाने हलू शकते, याचे हे उदाहरण होते. मात्र त्याच परिसरातील मुलांच्या शरीरात वर्षानुवर्षे मुक्काम ठोकून असलेल्या जीवनसत्त्वांच्या कमतरतेसाठी असे पथक कधी आल्याचे ऐकिवात नाही. केस गळलेले दिसतात. ‘अ’ जीवनसत्त्व आटलेले दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

शेगावहून पूर्णा नदी ओलांडून संग्रामपूरकडे जाणारा रस्ता वरवट बकालवरून जातो. एका बाजूला पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आणि दुसऱ्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी वस्ती, अशा दोन टोकांमध्ये हा भाग वसला आहे. शेतात प्रामुख्याने कापूस, तूर आणि सोयाबीन. खारपाणपट्ट्यातील विहिरींचे पाणी खारट असल्याने परसातील भाजीपाला बारमाही घेणे कठीण. ज्या घरात भाजी विकत आणावी लागते, तेथे ताटातून प्रथम भाजी, फळ, दूध आणि अंडे कमी होते. पोळी आणि भात मात्र शिधापत्रिकेच्या आधाराने टिकून राहतात. परिणामी पोट भरते, पोषण होत नाही. पोषणतज्ज्ञ या अवस्थेला ‘छुपी भूक’ म्हणतात.

ही भूक केवळ अदमासाने सांगितलेली नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय व्यापक पोषण सर्वेक्षणात देशभरातील सुमारे १ लाख १२ हजार मुले व किशोरवयीनांची पाहणी झाली आणि त्यांपैकी जवळपास ५१ हजारांचे रक्त-लघवीचे नमुने तपासले गेले. एक ते चार वर्षे वयोगटातील १८ टक्के मुलांमध्ये ‘अ’ जीवनसत्त्वाची, २३ टक्के मुलांमध्ये फोलेटची, तर प्रत्येकी १४ टक्के मुलांमध्ये ‘ड’ आणि ‘ब-१२’ जीवनसत्त्वांची कमतरता आढळली. वय वाढले की हे दुखणे आपोआप सरते, असेही नाही. किशोरवयीनांत ‘ब-१२’ची कमतरता ३१ टक्क्यांवर आणि फोलेटची ३७ टक्क्यांवर गेलेली दिसली.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातील सहा महिने ते पाच वर्षे वयाची ६८.९ टक्के मुले रक्तक्षयाने ग्रस्त होती. त्याआधीच्या सर्वेक्षणात हे प्रमाण ५३.८ टक्के होते. रक्तक्षय म्हटले की आपल्याला लोह आठवते. परंतु फोलेट आणि ‘ब-१२’ यांच्या अभावीही रक्त नीट तयार होत नाही, हे आपण विसरतो.

येथेच मोजमापाचा प्रश्न येतो. अंगणवाडीत मुलाचे वजन आणि उंची नोंदवली जाते. त्यातून खुरटलेपण व कृशपणा कळतो. मात्र वजन योग्य असलेल्या मुलाच्या शरीरातही जीवनसत्त्वे कमी असू शकतात. संधिप्रकाशात अडखळणारे मूल, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर उमटलेला राखाडी, फेसाळ ठिपका, मुडदुसामुळे वाकलेले पाय ही लक्षणे दिसू लागतात, तोवर कमतरता खोलवर गेलेली असते. रक्तातील जीवनसत्त्वे मोजणारे राष्ट्रीय सर्वेक्षण राज्यपातळीपर्यंतच बोलते. तालुका तर दूरच. जिल्ह्याचेही चित्र त्यातून उमटत नाही. जे मोजलेच जात नाही, त्यासाठी निधी मागणार कोण आणि देणार कोण?

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी येणारे अंधत्व रोखण्यासाठी १९७० मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्यानुसार नवव्या महिन्यात १ लाख आंतरराष्ट्रीय एककांची पहिली मात्रा आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी २ लाख एककांची मात्रा, अशा एकूण नऊ मात्रा दिल्या जातात. रातांधळेपणा आणि डोळ्यांचे गंभीर आजार पूर्वीच्या तुलनेत पुष्कळ घटले, हे मान्य केले पाहिजे. परंतु मात्रा हा आधार आहे, आहार नव्हे. वारंवार होणारा अतिसार, गोवर आणि जंत शरीरातील साठा लवकर रिता करतात. शिवाय ‘अ’ जीवनसत्त्व शोषले जाण्यासाठी जेवणात थोडे तेल-तूप लागते.

दुसरा उपाय धान्य समृद्ध करण्याचा. लोह, फॉलिक आम्ल आणि ‘ब-१२’ मिसळलेला तांदूळ शासकीय योजनांतून देण्याची घोषणा १५ ऑगस्ट २०२१ रोजी झाली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही योजना डिसेंबर २०२८ पर्यंत राबवण्यास मंजुरी दिली. हेतू चांगला असला, तरी पाण्यावर तरंगणाऱ्या त्या वेगळ्या दाण्यांना ‘प्लास्टिकचा तांदूळ’ समजून निवडून फेकून देणारी घरे कमी नाहीत. आणि त्या दाण्यांतही ‘अ’ आणि ‘ड’ नव्हते.

केसगळतीच्या प्रकरणाने या साऱ्याला एक निराळाच पैलू जोडला. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या गावांचा अभ्यास करून निष्कर्ष काढला, की शिधावाटपाच्या दुकानांतून आलेल्या, पंजाब-हरियाणाकडील गव्हात सेलेनियमचे प्रमाण मर्यादेपेक्षा कितीतरी अधिक होते आणि बाधितांच्या शरीरात जस्त कमी होते. एक घटक अति, दुसरा अपुरा, आणि दोन्हींचा संबंध रोजच्या अन्नाशी. या निष्कर्षातून घ्यायचा धडा केवळ सेलेनियमपुरता नाही. संपूर्ण गाव जेव्हा एकाच वाटेने आलेल्या एकाच धान्यावर जगते, तेव्हा त्या धान्यातील दोष गावाचा दोष होतो आणि त्यातील उणीव गावाची उणीव होते. वैविध्य असलेल्या ताटात एका पदार्थाचे कमी-अधिक दुसरा पदार्थ सावरून घेतो. एकसुरी ताटाला ती सोय नसते.

म्हणूनच अंड्याचा निर्णय किरकोळ नव्हता. अंड्यातून ‘अ’, ‘ड’ आणि ‘ब-१२’ ही तिन्ही जीवनसत्त्वे मिळतात. शाकाहारी मुलांसाठी दूध-दह्याचा पर्याय ठेवता येतो. राज्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२५ मध्ये मात्र शासनाने त्यासाठीचा निधी थांबवला आणि हवे असल्यास शाळांनी लोकसहभागातून अंडी द्यावीत, असे सांगितले. मुंबई-पुण्याच्या शाळेला लोकसहभाग मिळेलही. सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेने तो कोणाकडे मागायचा? जेथे अंड्याची गरज सर्वाधिक, तेथेच वर्गणी देणारे हात सर्वांत रिकामे आहेत.

करण्याजोगे पुष्कळ आहे. जिल्हानिहाय निवडक मुलांच्या रक्ताची नियमित तपासणी सुरू व्हावी. शिधावाटपातील धान्याचे नमुने पोषक आणि घातक अशा दोन्ही घटकांसाठी तपासले जावेत. गोड्या पाण्याची शाश्वत सोय झाली, तर अंगणवाडीच्या आवारात शेवगा, पपई आणि पालेभाजी उभी राहू शकते. अंबाडी, घोळ, चिवळ या भाज्या तर वऱ्हाडाच्या ओळखीच्याच आहेत. आणि अंड्यासाठीची तरतूद अर्थसंकल्पात परत यावी.

गळालेले केस बहुतेकांना पुन्हा आले. पहिल्या पाच वर्षांत हुकलेले पोषण मात्र नंतर पूर्णपणे भरून काढता येत नाही. पुढचे पथक बुलढाण्यात येईल तेव्हा त्याने केसांबरोबर मुलांच्या ताटात काय आहे, हेही पाहावे.