वेंधळेपणाशी जुळवून घेताना



गेल्या रोश हशानाच्या आदल्या दिवशी मी दुबईत, अल बर्शाला लेकीच्या घरी होते. नव्याचा सण म्हटला की चिकाचा हलवा आलाच. गव्हाचा चीक, नारळाचे दूध आणि साखर पातेल्यात घालून मी शेगडीवर चढवले. हा हलवा किती हट्टी असतो ते तुम्हांला सांगायला नको. पातेल्यापाशी उभे राहून तो एकसारखा ढवळावा लागतो. अर्धा तास मी इमानाने ढवळला. मग वेलची आणायला म्हणून दोन पावले बाजूला झाले. वेलचीच्या डब्याशेजारी सुईदोऱ्याची डबी दिसली. नातवाच्या शर्टाचे बटण तुटल्याचे आठवले. शर्ट बाल्कनीत वाळत होता. बाल्कनीत कढीपत्त्याची कुंडी सुकलेली दिसली. मी तिला पाणी घालत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातला धुराचा भोंगा किंचाळू लागला.

इमारतीचा वॉचमन धावत वर आला. पातेल्यात हलवा नव्हता, डांबर होते. लेकीने कपाळावर हात मारला. शाळेतून नुकताच आलेला नऊ वर्षांचा नातू मात्र पातेल्यात डोकावून खुशीत म्हणाला, "आजी, तू अगदी माझ्यासारखीच आहेस!"

पोराचे खरे होते. त्याची तपासणी दोन वर्षांपूर्वी झाली. त्याला जे आहे त्याला सगळे एडीएचडी म्हणतात. मराठीत सांगायचे तर लक्ष टिकत नाही, अंगात किंवा मनात चंचलता फार, आणि विचार करण्याआधीच कृती होऊन जाते. इस्राएलमधल्या वाचकांनी 'हफराअत केशेव' हे शब्द नातवंडांच्या शाळेतून ऐकले असतील. तपासणीचा फॉर्म भरताना लेक प्रश्न मोठ्याने वाचत होती. वस्तू हरवतात का? हाती घेतलेले काम अर्धे राहते का? समोरचा बोलत असताना मन भलतीकडे जाते का? मी शेजारी बसून भाजी निवडत होते आणि दर प्रश्नाला मनात 'हो' म्हणत होते. ते 'हो' नातवासाठी नव्हते.

मुंबईला परतल्यावर मी मानसोपचार तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी लगेच शिक्का मारला नाही. दोनदा सविस्तर बोलले, रक्त तपासले, आणि माझ्या थोरल्या बहिणीला बोलावून माझ्या लहानपणाविषयी विचारले. कारण ही लक्षणे वयाच्या बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात. बहीण तासभर बोलत होती! अशा रीतीने ६९ व्या वर्षी मला माझ्या वेंधळेपणाचे नाव कळले.

घरी आल्यावर मी रडले. स्वतःसाठी थोडे, बाबांसाठी जास्त. माझे बाबा बिघडलेले कुठलेही घड्याळ रात्र रात्र बसून दुरुस्त करत. पण भाड्याचे पैसे कुठे ठेवले ते त्यांना आठवत नसे. त्यांनी सहा नोकऱ्या बदलल्या. एकदा घरी मलिदा असताना, सगळे नातेवाईक बसलेले असताना, आजोबा म्हणाले, "याच्या हातून काही होणार नाही." बाबांनी ते खरे मानले आणि शेवटपर्यंत मानले. त्यांना हाच त्रास होता असे मी म्हणणार नाही, कारण गेलेल्या माणसाची तपासणी होत नाही. पण हा गुण उंचीसारखाच घराण्यातून उतरतो, हे शास्त्रज्ञांनी जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून चांगले तपासले आहे. बाबा, मी आणि नातू यांच्याकडे पाहिले की मला तरी वेगळा पुरावा लागत नाही.

आपल्या वयाची मंडळी म्हणतात, "आमच्या वेळी असले काही नव्हते." होते. १७९८ साली अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरांनी अशा चंचल लक्षाचे वर्णन करून ठेवले आहे. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्याने दिली. एडीएचडी हे नाव १९८७ सालचे, म्हणून ते नवे वाटते. आपण त्याला वेंधळा, धांदरट, आळशी म्हणत होतो, 'याचे बूड एका जागी टेकत नाही' म्हणत होतो. मुलींकडे तर लक्षही गेले नाही. आम्ही वर्गात धिंगाणा घालत नव्हतो, खिडकीबाहेर बघत बसत होतो.

हा आळस नव्हे. लक्ष नसते असे नाही, ते हवे तिथे वळवता येत नाही. मीच जुने फोटो लावायला बसले तर पाच तास उठत नाही, दाराची घंटाही ऐकू येत नाही. आणि झोपण्यापूर्वी शेमा म्हणताना डोळे झाकते, तर मध्येच वाल भिजत घातले की नाही ते आठवते. 'शेमा' म्हणजे 'ऐक'. परमेश्वर मला रोज सांगतो ऐक, आणि मी वालाकडे जाते. पूर्वी याची शरम वाटे. आता मनाला हळूच परत आणते आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणते.

माझे मत असे की, जो स्वभाव जन्मभर सोबत आहे त्याच्याशी या वयात भांडत बसण्यापेक्षा त्याला घरात जागा करून द्यावी. दोष माणसात शोधू नये, सोय घरात करावी. लेकीच्या घरी आम्ही तेच केले आहे. मेझुझाला हात लावल्याशिवाय आम्ही कोणी बाहेर पडत नाही, म्हणून दाराच्या आतल्या बाजूला, तिथेच, किल्ल्यांचा खिळा ठोकला. हात मेझुझाला गेला की किल्ली दिसते. चष्मे दोन घेतले. गोळ्यांसाठी सात दिवसांच्या कप्प्यांची डबी आणली, त्यामुळे 'घेतली की नाही' हा वाद मिटला. कंटाळवाणे कागद निवडायचे तर कुणाला तरी नुसते शेजारी बसवून घेते. कुणी सोबत असले की काम पुरे होते. नातवाला अभ्यासाच्या वेळी मी तशीच सोबत करते.

काही गोष्टी मात्र नुसत्या हसून सोडल्या. दुबई मेट्रोने परतताना मॉल ऑफ द एमिरेट्सला उतरायचे असते. ते सोडून मी तीनदा पुढच्या स्थानकावर गेले आहे. घरी फोन केला की नातू विचारतो, "आजी, आज कुठपर्यंत सहल?"

याच अल बर्शात विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी राशिद सेंटर ही संस्था १९९४ पासून आहे. अपंगत्व असलेल्यांसाठी अमिरातीच्या सरकारने २०१७ पासून अरबीत 'असहाब अल-हिमम' असा शब्द वापरायला सुरुवात केली. म्हणजे जिद्दीची माणसे. नाव बदलून दुखणे जात नाही. पण घरातल्या मोठ्यांनी मुलाला कोणत्या शब्दाने हाक मारली ते मूल आयुष्यभर विसरत नाही. बाबांच्या बाबतीत मी ते पाहिले आहे. शेजारच्या मल्याळी बाईंनी मला सांगितले की त्यांचे आवडते नट फहाद फासिल यांनी २०२४ साली सर्वांसमोर सांगितले, की आपल्याला ४१ व्या वर्षी एडीएचडी असल्याचे समजले. इतक्या नामांकित नटाला शरम वाटली नाही, तर आपण का लपवावे?

पण स्वीकार म्हणजे दुर्लक्ष नव्हे. चार गोष्टी नीट ध्यानात ठेवा.

पहिली आणि सर्वांत महत्त्वाची. माझा विसरभोळेपणा लहानपणापासूनचा आहे. तुमचा जर गेल्या वर्ष-दोन वर्षांतला असेल, ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकत असेल, पैशांचा हिशेब अचानक जमेनासा झाला असेल, तर त्याला 'स्वभाव' म्हणू नका. डॉक्टरांकडे जा. थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, कमी ऐकू येणे, अपुरी झोप, उदासी, एखादे चालू औषध, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहे. स्मृतिभ्रंशाची सुरुवात असेल तर तीही लवकर कळलेली बरी.

दुसरी, नातवाची गोळी आजीने घेऊन पाहू नये. रिटालिन हे नाव तुमच्या कानावर असेल. ते औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या लेआंद्रो पानिझोन या रसायनतज्ज्ञाने बनवले आणि आपल्या बायकोच्या, रीटाच्या, नावावरून त्याचे नाव पडले. अनेक मुलांना आणि मोठ्यांना त्याचा चांगला उपयोग होतो. पण त्याने नाडीचे ठोके आणि रक्तदाब वाढू शकतो. ज्यांना हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना तो आधी सांगायलाच हवा. माझा रक्तदाब पाहून डॉक्टरांनी मला औषध दिले नाही. घरातली शिस्त आणि रोजचे तासभर चालणे यांवर माझे भागते. दुसऱ्या कुणाला औषधच लागेल. तो निर्णय डॉक्टरांचा.

तिसरी गोष्ट मुंबईहून, ठाण्याहून किंवा इस्राएलमधून मुलांकडे दुबईला जाणाऱ्यांसाठी. अमिरातीत ही औषधे नियंत्रित आहेत. सोबत न्यायची असतील तर निघण्यापूर्वी तिथल्या अधिकृत सरकारी यंत्रणेकडे ऑनलाइन अर्ज करून परवानगी घ्या. डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधाचे मूळ वेष्टन जवळ ठेवा. सुट्या गोळ्या पुडीत बांधून नेऊ नका.

चौथी, शेगडी. शेगडी चालू असताना मी आता स्वयंपाकघर सोडत नाही. वेलची, मीठ, चमचा, सारे आधी ओट्यावर काढून ठेवते. इथे हसण्यावारी नेण्यासारखे काही नाही. त्या दिवशी भोंगा नसता तर काय झाले असते, या विचाराने अजून पोटात गोळा येतो.

आता हलव्याचे काय झाले ते सांगते. जावयांनी संध्याकाळी घरी येताना नारळाचे दूध आणले. चीक थोडा उरला होता. नातवाने घड्याळाचा गजर लावला. दहा मिनिटे मी ढवळायचे, दहा मिनिटे त्याने, लेक शेजारी उभी. दहा मिनिटे कुणाचेही लक्ष टिकते! शेवटी शेवटी त्याचा हात दुखू लागला, पण त्याने चमचा सोडला नाही. हलवा थोडा सैल झाला, तरी वड्या पडल्या. सणाच्या ताटावर त्या ठेवताना तो सगळ्यांना सांगत होता, "हा मी आणि आजीने केला."

त्याचे आजोबा असते तर काय म्हणाले असते कुणास ठाऊक. माझे बाबा असते, तर एक वडी उचलून हसले असते.

वाचकहो, तुमच्याही घराण्यात एखादा 'वेंधळा' असेल. भाऊ असेल, सून असेल, नातू असेल, किंवा तुम्ही स्वतःच असाल. या शब्बाथच्या आधी त्याला एक फोन करा आणि त्याला काय चांगले जमते, ते आवर्जून सांगा. मीही बहिणीला फोन करणार आहे. खिळ्याजवळ चिठ्ठी लावून ठेवली आहे, म्हणजे विसरणार नाही.

शालोम.