विश्लेषण : धुळीच्या ॲलर्जीचा ‘पॉझिटिव्ह’ अहवाल म्हणजे आजार नव्हे!

पावसाळा सरत आला की संगमनेरसारख्या तालुक्याच्या गावातील दवाखान्यांत एक तक्रार ठरलेली असते. सकाळी उठल्याबरोबर शिंकांची माळ, चोंदलेले नाक, डोळ्यांना खाज आणि रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज. हल्ली अशा रुग्णाच्या हाती औषधाच्या चिठ्ठीबरोबर रक्तचाचणीचा लांबलचक अहवालही दिसतो. त्यात घरातल्या धुळीपासून वांग्यापर्यंत अनेक नावे आणि प्रत्येकापुढे एक आकडा. त्या आकड्यांवरून मुलाचे दूध बंद होते, अंडे बंद होते. गादी मात्र तीच राहते आणि ‘सवय लागेल’ या भीतीने श्वासाचा पंप कपाटात पडून राहतो. रक्तातील प्रतिपिंडे काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, हे नीट समजले तर खर्चही वाचेल आणि त्रासही.

धूळ एकच नसते, मग ॲलर्जी कशाची?

संगमनेरच्या माणसाला धूळ नवी नाही. पुणे-नाशिक महामार्गाची धूळ आहे, घरोघरी विड्या वळणाऱ्या महिलांच्या सुपातली तंबाखूची भुकटी आहे, गळीत हंगामात धुराड्यातून उडणारी काजळी आहे. या सगळ्याने नाक-घसा चुरचुरतो, खोकला येतो, दमा असलेल्याचा दमा वाढतो. पण हा मुख्यतः क्षोभ असतो, ॲलर्जी नव्हे. मातीच्या कणाविरुद्ध शरीर ॲलर्जीची प्रतिपिंडे तयार करत नाही. ही प्रतिपिंडे प्रामुख्याने प्रथिनांविरुद्ध तयार होतात.

उलट, प्रत्येक ॲलर्जी प्रतिपिंडांमुळेच होते असेही नाही. गाजरगवताचे उदाहरण महाराष्ट्राला चांगले परिचित आहे. १९५०च्या दशकात पुण्यात प्रथम नोंद झालेल्या या तणाने पुढे हजारो शेतकऱ्यांच्या त्वचेवर पुरळ उठवले. तो त्रास रक्तातील पांढऱ्या पेशींमुळे, एक-दोन दिवसांनी होणारा. प्रतिपिंडांच्या रक्तचाचणीत तो सापडत नाही. त्यामुळे ‘धुळीची ॲलर्जी’ म्हटल्यावर पहिला प्रश्न हवा, तो कोणत्या धुळीची, हा. घरातल्या धुळीपुरते त्याचे उत्तर बहुतेक वेळा एकच असते : माइट.

माइट राहतो कुठे? पावसाळ्याशी त्याचा संबंध काय?

माइट हा आठ पायांचा, कोळी आणि गोचीड यांच्या भाऊबंदांपैकी एक जीव. लांबी मिलिमीटरचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा, म्हणून साध्या डोळ्यांना तो जवळपास दिसत नाही. तो चावत नाही, रक्त पीत नाही. माणसाच्या अंगावरून गळणारा कोंडा हे त्याचे खाद्य. त्यामुळे माणूस जिथे रोज सात-आठ तास पडून असतो, ती गादी, उशी आणि गोधडी ही त्याची खरी वस्ती. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीमागे माइट आहेत, हे १९६०च्या दशकात नेदरलँड्समधील लायडन येथे फोरहोर्स्ट आणि स्पीक्समा या संशोधकांनी दाखवून दिले.

माइट पाणी पीत नाही, हवेतील दमट वाफ शोषून जगतो. हवेतील आर्द्रता दीर्घकाळ ५० टक्क्यांच्या खाली राहिली, तर तो सुकून मरतो. संगमनेर पर्जन्यछायेत येते. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी इथली हवा माइटला मानवत नाही. जूननंतर चित्र पालटते. भिंतींना ओल येते, कपडे वाळत नाहीत, अंथरुणे दिवसेंदिवस उन्हात जात नाहीत. माइट वाढतात. प्रवरेच्या वरच्या अंगाला, अकोले तालुक्यात सह्याद्रीच्या कुशीतील गावांत तर पाऊस आणि ओल याहून कितीतरी जास्त. पावसाळ्याच्या अखेरीस शिंका वाढण्यामागे हे एक मोठे कारण आहे.

त्रास जिवंत माइटपेक्षा त्याच्या विष्ठेने अधिक होतो. एक माइट दिवसाला साधारण २० गोळ्या टाकतो. त्यांत ‘डर पी १’ नावाचे पाचक प्रथिन असते. ते नाकातील व श्वासनलिकेतील पेशींच्या आवरणातील सांधे सैल करते आणि आत शिरते. गादी झटकली की या गोळ्या उडतात, पण आकाराने मोठ्या असल्याने थोड्याच वेळात खाली बसतात. म्हणूनच महागडे हवा शुद्ध करणारे यंत्र माइटच्या ॲलर्जीवर फारसे उपयोगी पडत नाही. शत्रू हवेत कमी आणि उशीत जास्त असतो.

प्रतिपिंडे नेमके काय करतात?

ॲलर्जीच्या प्रतिपिंडाचे नाव आयजीई. डेन्व्हर येथे किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दाम्पत्याने १९६६ मध्ये आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिच यांनी १९६७ मध्ये स्वतंत्रपणे ते शोधले. १९६८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने त्याचे नाव निश्चित झाले. रक्तात ते अत्यल्प असते. त्याची खरी जागा म्हणजे नाक, त्वचा व श्वासमार्गातील मास्ट पेशींचा पृष्ठभाग.

पहिल्या भेटीत ॲलर्जी होत नाही. माइटच्या प्रथिनाशी शरीराची ओळख होते आणि काहींच्या शरीरात त्या प्रथिनापुरते आयजीई तयार होऊन मास्ट पेशींवर जाऊन बसते. याला संवेदनशील होणे म्हणतात. पुढच्या वेळी तेच प्रथिन आले की ते दोन शेजारच्या आयजीईंना जोडते, पेशी फुटल्यासारखी मोकळी होते, हिस्टामिन बाहेर पडते आणि काही मिनिटांत शिंका सुरू होतात. काही तासांनी सुजेची दुसरी लाट येते. रात्री उशिरा किंवा पहाटे धाप लागते ती बऱ्याचदा तिच्यामुळे.

यात कळीची गोष्ट अशी, की संवेदनशील होणे आणि आजारी असणे या दोन वेगळ्या अवस्था आहेत. माइटविरुद्ध आयजीई असूनही आयुष्यात कधी शिंक न आलेली माणसे भरपूर असतात.

मग अहवालातला आकडा फसवतो कसा?

तीन प्रकारे. पहिला गोंधळ ‘एकूण आयजीई’चा. जंतांमुळेही हा आकडा वाढतो. देशात फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये जंतनाशक दिन पाळून मुलांना अल्बेंडाझोल द्यावे लागते, अशा ठिकाणी वाढलेले एकूण आयजीई पाहून लगेच ‘ॲलर्जी फार आहे’ म्हणणे धाडसाचे आहे.

दुसरा गोंधळ सारख्या दिसणाऱ्या प्रथिनांचा. माइटमधील ट्रोपोमायोसिन हे प्रथिन कोळंबीतील प्रथिनाशी बरेच जुळते. त्यामुळे माइटची ॲलर्जी असलेल्या काही जणांच्या अहवालात कोळंबीसमोरही आकडा उमटतो. वर्षानुवर्षे जवळा-सोडे आवडीने खाणाऱ्या आणि कधी काही न झालेल्या माणसाला केवळ त्या आकड्यापोटी ते सोडायला सांगण्यात काही अर्थ नाही.

तिसरा गोंधळ सर्वांत महागडा : एकाच रक्तनमुन्यावर शेकडो पदार्थांची सरसकट चाचणी. जितकी नावे जास्त, तितके निरर्थक ‘पॉझिटिव्ह’ जास्त. काही पॅकेजमध्ये तर आयजीईऐवजी आयजीजी मोजतात. आयजीजी म्हणजे शरीराने तो पदार्थ पाहिला आहे, एवढीच खूण. रोज भाकरी खाणाऱ्याच्या रक्तात ज्वारीची खूण सापडली, यात नवल ते काय? ॲलर्जीतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनेने २०१२ मध्येच आयजीजी चाचण्या आणि सरसकट आयजीई चाचण्या करू नयेत, असे स्पष्ट सांगितले आहे.

याचे ओझे मुलांवर पडते. दूध, अंडी, शेंगदाणे, गहू एका दमात बंद झाले, तर आधीच बेताच्या आहारात उरते काय? शिवाय पचत असलेला पदार्थ दीर्घकाळ तोडल्यावर पुन्हा सुरू करताना तीव्र ॲलर्जी झाल्याची उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. अनावश्यक पथ्य निरुपद्रवी नसते.

चाचणी करूच नये का?

करावी, पण प्रश्न ठरवून. त्रास कोणत्या महिन्यात वाढतो? अंथरूण झटकताना शिंका येतात का? परगावी गेल्यावर बरे वाटते का? हे विचारायला पैसे लागत नाहीत, दहा मिनिटे लागतात. उत्तरे माइटकडे बोट दाखवत असतील, तर मोजक्या घटकांची त्वचाचाचणी पुरेशी ठरते. हातावर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि १५ ते २० मिनिटांत गांधी उठते का, ते पाहतात. आधी काही दिवस ॲलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. गोळ्या थांबवणे शक्य नसेल किंवा त्वचेचा आजार असेल, तर नेमक्या घटकाची रक्तचाचणी उपयोगी पडते.

रक्तचाचणीच्या बाजूने एक मुद्दा मान्य करायला हवा. त्वचाचाचणीला प्रशिक्षित डॉक्टर, दर्जेदार अर्क आणि तातडीच्या उपचारांची तयारी लागते. तालुक्याच्या गावात ते सहज मिळत नाही. त्यासाठी नाशिक किंवा पुणे गाठायचे, तर एका दिवसाची मजुरी बुडते. रक्ताची बाटली मात्र कुरिअरने जाते. म्हणूनच सरसकट पॅकेजे खपतात. दोष केवळ रुग्णाच्या हट्टाचा नाही. योग्य चाचणी जवळ नाही आणि अयोग्य चाचणी दारात आहे, हे खरे दुखणे आहे.

गोधड्या धुऊन फरक पडतो का?

घटस्थापनेपूर्वी घरातले सारे अंथरूण-पांघरूण धुऊन उन्हात घालायची रीत महाराष्ट्रात घरोघरी आहे. माइटच्या हिशेबाने ही वेळ अचूक आहे. पावसाळ्यात वाढलेली वस्ती नेमकी तेव्हा मोडली जाते. कडक उन्हाने माइट सुकून मरतात. मात्र ऊन विष्ठेतील प्रथिन काढत नाही. त्यासाठी धुणेच हवे. ५५ अंश सेल्सियसच्या वरच्या पाण्यात माइटही मरतात आणि प्रथिनही निघून जाते. थंड पाण्याने प्रथिन बरेचसे जाते, पण जिवंत माइट उरतात. म्हणून थंड पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवणे हा आपल्या हवामानात सोयीचा मार्ग आहे. वर्षातून एकदा धुणे मात्र पुरेसे नाही. चादर आणि उशीचा अभ्रा दर आठवड्याला धुवायला हवा. आणि झटकण्याचे काम दमा असलेल्याने करू नये.

यातही अतिरेकी आशा नको. २००८ मधील कॉक्रेन आढाव्यात ५४ चाचण्या तपासून, माइट कमी करण्याच्या रासायनिक व भौतिक उपायांनी दम्यात ठोस फायदा दिसत नाही, असा निष्कर्ष निघाला. २०१७ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांना मात्र माइटची ॲलर्जी असलेल्या मुलांच्या गादी-उशांना माइटरोधक खोळी घातल्यावर दम्याच्या झटक्यामुळे रुग्णालयात जाण्याचे प्रसंग कमी झालेले दिसले. सारांश, स्वच्छता उपचाराच्या जोडीला हवी, उपचाराच्या जागी नको.

उपचारात काय मागे पडते?

पंप. जगातील दम्याच्या एकूण भारापैकी साधारण १३ टक्के भारतात आहे, दम्याच्या मृत्यूंत मात्र भारताचा वाटा ४० टक्क्यांहून अधिक. हे अंतर धुळीने पडलेले नाही, उपचार न पोहोचल्याने पडलेले आहे. पंपातील स्टेरॉइडचे प्रमाण मायक्रोग्रॅममध्ये असते आणि ते थेट श्वासनलिकेत जाते. गोळीतून तेच काम करायला कितीतरी पट औषध पोटात घालावे लागते. तरीही सवय लागते ती पंपाचीच, असा समज पक्का आहे. दम लागला की फक्त निळा पंप ओढायचा, हेही धोक्याचे. केवळ तात्पुरत्या आराम देणाऱ्या औषधावर दमा सोडू नये, अशी जागतिक मार्गदर्शक सूचना २०१९ पासून आहे.

निवडक रुग्णांसाठी ॲलर्जीची लस आहे. १९११ मध्ये लंडनमध्ये लिओनार्ड नून यांनी परागकणांसाठी सुरू केलेली ही पद्धत माइटसाठीही चालते. तिने शरीरात आयजीजी-४ ही ‘अडवणारी’ प्रतिपिंडे वाढतात, ती प्रथिनाला आयजीईपर्यंत पोहोचू देत नाहीत. पण ती तीन ते पाच वर्षे घ्यावी लागते. इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यात थांबावे लागते आणि जवळ ॲड्रेनलिन असावे लागते. नेमके निदान नसताना, चार-पाच डझन ‘पॉझिटिव्ह’ पदार्थांचे मिश्रण करून दिलेली लस म्हणजे पैसे आणि वर्षे दोन्ही वाया.

व्यवस्थेने काय करावे?

ब्युडेसोनाइड आणि साल्ब्युटामॉल २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहेत. यादीत असणे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या फळीवर बारमाही असणे यांतले अंतर मिटवणे हे पहिले काम. दुसरे, प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस मोजक्या घटकांची त्वचाचाचणी. तिसरे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकल्या जाणाऱ्या ॲलर्जी पॅकेजांच्या जाहिरातींवर अंकुश. आणि चौथे, ज्याला जवळपास खर्च नाही : प्रत्येक अहवालाच्या माथ्यावर मराठीत ठळक एक ओळ छापणे बंधनकारक करावे – ‘हा आकडा म्हणजे निदान नव्हे, त्रास नसलेला कोणताही पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.’ शेकडो नावे छापणाऱ्या कागदावर एवढ्या ओळीला जागा नक्कीच निघेल.